आधी दात

"आधी दात दाखवून या," डॉक्टर म्हणाले आणि आम्ही तिघंही नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

दादाचा मणका खचलेला, रक्ताच्या रिपोर्टात नको ते, मायलोमा म्हणजे हाडांच्या मज्जेतला कॅन्सर, निघालेलं, किडनीची तब्येत सांगणारं क्रिएटिनिन चढलेलं, आणि हे रक्तविकारतज्ज्ञ शांतपणे दाताच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहीत होते. वहिनींना वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी गडबड झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. "हो, दातच. केमो सोमवारी सुरू करू, त्याला थांबायचं नाही. पण हाडांसाठी जे सलाइनमधून द्यायचंय, त्याआधी तोंडातलं काही काढायचं-भरायचं असेल तर उरकून घ्या. ते सुरू झाल्यावर दात काढला तर कधीकधी जबड्याचं हाड भरूनच येत नाही." इतका वेळ कमरेचा पट्टा आवळून खुर्चीच्या कडेवर टेकलेला दादा त्या दिवशी पहिल्यांदा हसला. "चला, शेवटी माझ्या दाढेचा नंबर लागला," म्हणाला. त्याची खालची दाढ कित्येक वर्षं लवंगेच्या तेलावर तग धरून होती.

चिठ्ठी पर्समध्ये गेली, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. दुखणं पाठीत, आजार रक्तात आणि सुरुवात दातांपासून! येताना रिक्षा केली होती. एरवी ज्या गल्ल्यांतून मी स्कूटरवर भाजी घेऊन येते, त्या कोथरूडच्या आतल्या रस्त्यांवर इतके गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. काही महापालिकेचे, काही बहुधा सोसायटीवाल्यांनी आपल्या हौसेनं घातलेले. दादा दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून सीटवरून जेमतेम उचललेला, डोळे रस्त्यावर. पहिल्या दणक्याला त्याच्या तोंडून जो आवाज आला, तो ऐकून रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. "पाठीचं आहे हो," मी म्हटलं. मग त्यानं काही न बोलता वेग कमी केला आणि प्रत्येक गतिरोधकाआधी "काका, आला" अशी हाळी द्यायला सुरुवात केली. "आला." दादा सावरून बसायचा. "गेला." पुढे दादानं रिक्षाच सोडली आणि वनाजहून मेट्रो धरली. "पुण्यात गतिरोधक नसलेली ही एकच वाट आहे," हे त्याचं मेट्रोबद्दलचं मत. मेट्रोचा याहून चांगला प्रचार मी तरी ऐकलेला नाही.

पाठदुखीचं प्रकरण त्याआधी बरेच महिने चाललं होतं. साठी उलटली की पाठ बोलायला लागते, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दादाचं सगळं आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभं राहून गेलेलं, त्यामुळे कारण तयारच होतं. गादी बदलून झाली. मलमं झाली, गरम पाण्याची पिशवी झाली, महानारायण तेलाच्या वासानं त्यांचं बेडरूम भरून गेलं. मावसभावानं एका नामांकित हाडवैद्याचा पत्ता आणला होता, तिकडे जाणं पावसामुळे राहिलं. पोखरलेल्या मणक्यावर कुणी गुडघा टेकवून पाठ मोडली असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही. मधल्या काळात एका हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून "वयाप्रमाणे आहे" म्हटलं. एक्स-रेबद्दल माझी तक्रार नाही. हाडाचा बराच भाग झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, हे आता मलाही ठाऊक आहे. माझा राग आहे तो वेदनाशामक गोळ्यांवर. महिनोन् महिने त्याच गोळ्या, दिवसातून दोनदा, आणि एकदाही साधं रक्त तपासलं नाही. या आजारात रक्तात फिरणारं फालतू प्रोटीन आधीच किडनीच्या नळ्या तुंबवत असतं, त्यात त्या गोळ्या किडनीला आणखी मारतात. हे सांगायला फार मोठा तज्ज्ञ लागत नाही. पण पाठदुखी ही गोष्टच इतकी घरोघरची आहे की तिच्यामागे दुसरं कुणी दडून बसलं असेल, असं मनातच येत नाही.

ज्यांच्या मनात आलं ते शनिवार पेठेतले आमचे जुने फॅमिली डॉक्टर. लाकडी बाक, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर, कंपाउंडर अजून पुड्या बांधतोय असं वाटावं असा दवाखाना. दादा खरं तर वहिनींच्या बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला गेला होता. डॉक्टरांनी त्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "तू इतका पांढरा कधीपासून?" मग पाणी किती पितोस, पोट साफ होतं का, दुपारी झोप येते का, असं विचारत गेले. दादा हल्ली पेपर वाचता वाचता पेंगायचा, तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा. आम्ही ते रिटायरमेंटच्या खात्यावर टाकलं होतं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. हिमोग्लोबिन खाली, शरीरात काहीतरी बिघडलंय असं सुचवणारा ईएसआर तीन आकडी, कॅल्शियम वर, एकूण प्रोटीन जास्त आणि त्यात अल्ब्युमिन हे नेहमीचं प्रोटीन मात्र कमी. "पाठदुखीला प्रोटीन कशाला तपासलं?" वहिनींनी मला हळूच विचारलं होतं. मायलोमा हा शब्द आम्ही दुसऱ्या दिवशी ऐकला.

लोक विचारतात, "कुठला कॅन्सर? कुठे आहे?" लिफ्टमध्ये विचारतात, लग्नात विचारतात. गाठ नाही म्हटलं की त्यांना जरा हायसं वाटतं आणि मला काय बोलावं ते कळत नाही. रक्तविकारतज्ज्ञांनी मात्र आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, त्यांच्या मागोमाग दुसऱ्या पेशी नवं रचत जातात, आणि हे आयुष्यभर चालू असतं. मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचं काम अँटीबॉडी तयार करण्याचं. त्यातली एक बिघडते, तिचीच प्रजा मज्जाभर पसरते, आणि ती प्रजा कुरतडणाऱ्यांना चेव आणते, रचणाऱ्यांना गप्प बसवते. कुरतडलेल्या हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं. ती तहान, ती पेंग त्याचीच. दादा लक्ष देऊन ऐकत होता. त्याची एरंडवण्यातली सोसायटी तेव्हा रिडेव्हलपमेंटला निघाली होती. "म्हणजे पाडायला जेसीबी आलाय आणि बिल्डर फरार," तो म्हणाला. डॉक्टर क्षणभर थांबले, मग म्हणाले, "काका, हे मी आता पुढच्या पेशंटना सांगणार." ते सलाइनमधलं औषध, झोलेड्रॉनिक ॲसिड, कशासाठी, तर जेसीबी थांबवायला. आणि जबड्याचं हाड हे शरीरातलं सतत पाडापाडी-बांधाबांधी चालणारं ठिकाण. तिथे कुरतडणाऱ्या पेशीही थंडावल्या की दात काढल्याची जखम उघडीच राहू शकते. म्हणून आधी दात.

कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढली तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे उभी होते. भूल दिलेली असते, पण मज्जा ओढताना जी कळ येते तिच्यापर्यंत भूल पोचत नाही. दादानं आवाज केला नाही. फक्त पलंगाच्या लोखंडी कडेवर त्याची अंगठी वाजली. पेट स्कॅनच्या दिवशी वेगळाच घोळ. त्यात किरणोत्सारी साखर टोचतात, त्यामुळे त्या दिवशी गरोदर बाईच्या जवळ बसायचं नाही. आणि घरात सून पाचव्या महिन्यात. ती माहेरी गेली. आठ दिवसांपूर्वी तिच्या ओटीचे तांदूळ निवडत बसलेल्या वहिनी आता कुठल्या रिपोर्टला कुठली फाइल हे बघत होत्या. रिपोर्टात बरगड्या, मणके, कवटी, सगळीकडे ‘पंच्ड आउट’ भोकं, असं लिहिलेलं. दादानं तो शब्द दोनदा वाचला. पत्र्याला भोकं पाडायचे पंच आणि डाय बनवण्यातच त्याची तीस वर्षं गेली होती.

मग चोवीस तासांच्या लघवीचा कॅन. सकाळची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी जमा करायची. बाथरूममध्ये बादलीशेजारी तो पांढरा कॅन उभा, त्यावर मार्करनं लिहिलेलं नाव, आणि पाहुणे आले की वहिनी त्यावर टॉवेल टाकायच्या. लॅबमध्ये मीच तो स्कूटरच्या पुढच्या जागेत पायांत धरून नेला. त्याच रात्री मी या आजाराबद्दल वाचत बसले आणि लंडनच्या एका किराणा दुकानदाराशी गाठ पडली. थॉमस मॅकबीन त्याचं नाव. १८४५ साली हाडं दुखताहेत म्हणून हैराण. त्याच्या डॉक्टरांना लघवीत काहीतरी विचित्र दिसलं: उकळून ॲसिड घातलं की निवळायची, गार झाली की गोठायची, तापवली की पुन्हा पातळ व्हायची. त्यांनी ती नळीत भरून हेन्री बेन्स जोन्स या रसायन जाणणाऱ्या डॉक्टरकडे पाठवली आणि सोबत विचारलं, हे आहे तरी काय? १८४६च्या पहिल्या दिवशी मॅकबीन गेला. लघवीतल्या त्या प्रोटीनला नाव मिळालं ते बेन्स जोन्सचं. ज्याच्या पोटातून ते आलं त्या वाण्याचं कुणी नाव घेत नाही. कॅन भरण्याची कटकट ज्यानं केली त्याचं नाव रिपोर्टवर हवं, असं दादाचं म्हणणं. ते मला पटतं.

उपचारांचं एक वेळापत्रक बसलं. आठवड्यातून एकदा पोटावर बोर्टेझोमिब या केमोच्या औषधाचं इंजेक्शन, डेक्सा या स्टिरॉइडच्या मूठभर गोळ्या, नागीण उठू नये म्हणून एक गोळी, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून इकोस्प्रिन, आणि एकवीस दिवस घेऊन सात दिवस थांबायची लेनालिडोमाइडची कॅप्सूल. या कॅप्सूलच्या पाकिटावर गरोदर बाईची आकृती आणि त्यावर काट. "यांना कशाला सांगायचं ते?" वहिनी केमिस्टला म्हणाल्या आणि दुकानातली सगळी हसली. मला नंतर समजलं ते हसण्यासारखं नव्हतं. ही थॅलिडोमाइडची बहीण. १९५७ साली जर्मनीत झोपेचं औषध म्हणून ते बाजारात आलं, गरोदर बायका ओकाऱ्यांवर घ्यायच्या, हातपाय न वाढलेली हजारो मुलं जन्मली आणि १९६१ साली ते मागे घ्यावं लागलं. पुढे अमेरिकेत एका मायलोमाच्या रुग्णाची बायको सगळे उपाय थकल्यावर, हेच देऊन बघा, म्हणून डॉक्टरांच्या पाठी लागली. तिच्या नवऱ्याला गुण आला नाही, पण इतर काहींना आला. १९९९ साली तो अभ्यास छापून आला आणि या आजाराचं चित्र पालटलं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे सीमा सिंघल यांचं. आमच्या घरी त्या कॅप्सूल स्टीलच्या वेगळ्या डब्यात, वरच्या फळीवर, आणि सुनेनं त्या डब्याला हात लावायचा नाही. खालच्या फळीवर तिच्याच लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या.

डेक्साची रात्र हा एक स्वतंत्र विषय आहे. त्या रात्री दादाला झोप नसायची. पहाटे तीनला उठून त्यानं घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, शिवणयंत्र खोलून पुन्हा जोडलं, रिडेव्हलपमेंटच्या कराराचा मसुदा वाचून लाल पेनानं त्यात चुका काढल्या. बोलायचाही खूप. जन्मभर जो माणूस चहाला हो की नाही एवढंच सांगायचा, तो मला पहाटे साडेपाचला फोन करून बाबांच्या जुन्या सायकलबद्दल सांगायचा. दोन दिवसांनी औषध उतरलं की तोच माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. खरं सांगायचं तर मी त्या डेक्सावाल्या फोनांची वाट बघायला लागले होते, आणि ती औषधाची किमया आहे हे माहीत असल्यामुळे जरा शरमही वाटायची.

डे-केअरमध्ये पुण्याचं माणूस कमी. सोलापूर, सातारा, नगर, इंदापूर; पहाटेची एसटी पकडून आलेली, हातात रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी आणि फडक्यात बांधलेली भाकरी. पूर्वी या सगळ्यांना परळच्या टाटाला जावं लागायचं; आता रक्तविकारांचे डॉक्टर, प्रत्यारोपणाचे कक्ष पुण्यात आहेत, म्हणून गर्दी इथे. एक नऊवारीतल्या मावशी दादाच्या शेजारच्या खुर्चीवर असायच्या. आजार तोच, वय पन्नाशीचं. आपल्याकडे हा पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, असं डॉक्टर म्हणाले होते. मावशींना वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं बजावलेलं. "नुसतं बसून राहा म्हणत्यात," त्या मला म्हणाल्या, "बसल्या जागी कोण घालतंय?" त्यांचा मुलगा सगळा वेळ खाली काउंटरवर, ‘योजनेत बसतंय का’ या एका प्रश्नामागे. केशरी रेशन कार्ड, आधार, मंजुरी, पुन्हा झेरॉक्स. एकदा दादा मावशींना मेट्रोचं कौतुक सांगायला लागला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडं रस्ताच गतिरोधक हाय."

मणक्यात सिमेंट भरलं ते मधल्या काळात. पोटावर पालथं झोपवून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, जाड सुईतून खचलेल्या मणक्यात पेस्ट सोडतात. ती काही मिनिटांत घट्ट होते. दादानं आदल्या दिवशी सर्जनना विचारलं, "मटेरियल काय?" त्यांनी सांगितलं, ॲक्रिलिकच, तुमच्या कवळीत असतं त्याच जातीचं. दादाला हे फारच आवडलं. दाढ गेली होती, तिच्या जागी बसवायच्या दाताचं माप दंतवैद्यांनी नुकतंच घेतलं होतं; आता दोन्हीकडे एकच माल, असं तो येईल त्याला सांगायचा. दुसऱ्या दिवशी तो पट्टा लावून कॉरिडॉरमध्ये चालला. वेदना संपली नव्हती, पण आवाज न करता पलंगावरून उठला, हेच आम्हाला पुष्कळ होतं.

तोवर मला त्या रक्तविकारतज्ज्ञांचं काम काय ते थोडंथोडं कळायला लागलं होतं. औषधांची नावं आता कुणीही शोधू शकतं. पण आधी दात, मग हाडांचं औषध, तेही किडनी सावरल्यावर. सिमेंटच्या वेळी इकोस्प्रिन बंद. आधी स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढून ठेवायच्या, मग मोठी केमो. मणक्याचे सर्जन मणका बघतात, किडनीवाले किडनी, दंतवैद्य दाढ. कुणाला कधी बोलवायचं आणि कुणाला थांबा म्हणायचं, हे एका माणसाच्या डोक्यात असावं लागतं. दादाच्या भाषेत, प्रोसेस शीट ज्याच्या हातात तो खरा कारागीर.

त्या काढून ठेवलेल्या पेशी परत सोडण्याआधी, म्हणजे प्रत्यारोपणाच्या वेळी, मेल्फालन ही मोठी केमो देतात. त्यानं तोंड आतून सोलून निघतं, म्हणून ते देण्याआधीपासून झाल्यानंतरही काही वेळ बर्फ चघळत राहायचा. गारठ्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. नर्स वाटीतून बर्फाचे खडे देत होती. काचेच्या पलीकडून मी बघत होते आणि मला सारसबागेबाहेरचा गोळेवाला आठवला. विषमज्वराच्या धास्तीनं बाबांनी आम्हाला कधी गोळा खाऊ दिला नाही. दादानं एकदा चोरून खाल्ला होता, लाल, आणि घरी येताना जीभ शर्टाला पुसून पुसून शर्टच लाल केला होता. मार दोघांनाही बसला. मी काचेवर टकटक करून माझी जीभ बाहेर काढली. त्याला लगेच कळलं. त्यानंही काढली, पांढरीफटक.

हा आजार मुळापासून जात नाही, बहुतेकांना पुन्हा कधीतरी तोंड दाखवतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मधली वर्षं मिळतात, आणि ती आता पूर्वीपेक्षा बरीच जास्त असतात. दादा घरी आला आणि थोड्याच दिवसांत नात झाली. प्रत्यारोपणात लहानपणीच्या लशींची पुण्याईही पुष्कळशी पुसली जाते, त्यामुळे काही महिन्यांनी त्या नव्यानं टोचून घ्याव्या लागतात. फ्रिजवर चुंबकाखाली दोन कार्डं लागली, एक नातीचं, एक आजोबांचं. धनुर्वात दोन्हीवर.

उचलण्याची मर्यादा पाच किलोची. नात मर्यादेत होती तोवर प्रश्न नव्हता. पुढे दादानं तराजूच आणला. खुर्चीत बसल्यावर दुसऱ्यानं मांडीवर दिली तर ते उचलणं होत नाही, हा त्याचा युक्तिवाद फिजिओथेरपिस्टनंही मान्य केला. पण वहिनींनी त्याला एकदा पाळण्यावर वाकताना पकडलं आणि दोन दिवस घरात अबोला होता. पुढच्या तपासणीला त्यानं नेहमीसारखी डायरी नेली. पायाच्या मुंग्या कमी का होत नाहीत, झोलेड्रॉनिक आता तीन महिन्यांनी चालेल का, आणि तिसरा: वजन सात किलो, परवानगी मिळावी. डॉक्टरांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली, मग नवा एमआरआय लावून बराच वेळ पाहिला.

"बसून घ्या. उभं राहून अजून नको."

"दोन महिन्यांनी?"

"दोन महिन्यांनी ती आणखी जड झालेली असेल, काका."

"मी हेच सांगत होते," वहिनी म्हणाल्या, "पण माझी फी नाही ना."